चंद्राच्या कला आणि पक्षगणना

विनयपिटकातील महावग्गात, उपोसथक्खन्धकामध्ये, एक लहानसा प्रसंग येतो. भिक्खू पिंडपातासाठी गावात हिंडत असता लोकांनी त्यांना आज पक्षातील कितवा दिवस आहे असे विचारले. भिक्खूंना सांगता आले नाही. तेव्हा लोकांनी नावे ठेवली, की ज्यांना पक्षाचे दिवसदेखील मोजता येत नाहीत त्यांना दुसरे चांगले असे काय ठाऊक असणार! ही गोष्ट तथागतांच्या कानी गेली. त्यांनी पक्षगणना शिकण्याची अनुज्ञा दिली. ती कोणी शिकावी असा पुढचा प्रश्न आला, तेव्हा एकट्यादुकट्याने नव्हे तर सर्वांनीच शिकावी असे त्यांनी सांगितले.

आता दीघनिकायातील पहिले सुत्त, म्हणजे ब्रह्मजालसुत्त, यासोबत वाचावे. ज्या हीन विद्यांवर काही श्रमण-ब्राह्मण आपली उपजीविका करीत आणि ज्यांपासून तथागत दूर राहिले, त्यांची लांबलचक यादी तेथे आहे. चंद्रग्रहण होईल, सूर्यग्रहण होईल, त्याचे फळ अमुक असेल, हे सांगून पोट भरणे त्या यादीत आहे. वरवर पाहता दोन्ही गोष्टी आकाशाशीच संबंधित. एकीला सर्वांसाठी अनुज्ञा आणि दुसरीचा त्याग, असे का? आमच्या मते दोहोंतील भेद स्पष्ट आहे. पक्षगणना हे मोजमाप आहे. ते कोणालाही शिकता येते आणि कोणालाही पडताळून पाहता येते. ग्रहणाचे फळ सांगणे हा धंदा आहे. ऐकणाऱ्याला ते पडताळता येत नाही, म्हणूनच तो चालतो. चंद्राच्या कलांविषयी लिहावयास बसताना हा भेद आम्ही मनात ठेवला आहे.

आमच्या अभ्यासवर्गात आम्ही पुष्कळदा एक साधा प्रश्न विचारतो. पौर्णिमेनंतर चंद्र लहान होत जातो, तो का? पदवीधर उपासक-उपासिकांकडूनही बहुधा एकच उत्तर येते, की चंद्रावर पृथ्वीची सावली पडते. हे उत्तर चुकीचे आहे. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती केवळ चंद्रग्रहणात, म्हणजे एखाद्याच पौर्णिमेच्या रात्री काही तास. शुद्ध पंचमीची कोर किंवा वद्य अष्टमीचा अर्धा चंद्र यांच्याशी त्या सावलीचा काडीचाही संबंध नाही. आणि ज्याला कला व ग्रहण यांतील फरक कळला नाही, त्याला ग्रहणाची भीती घालणे फार सोपे जाते.

चंद्र स्वतः प्रकाशत नाही. त्याच्यावर सूर्याचा प्रकाश पडतो आणि तोच परावर्तित होऊन आपल्याकडे येतो. कोणत्याही गोलाप्रमाणे चंद्राचा सूर्याकडील अर्धा भाग उजळलेला आणि उरलेला अर्धा अंधारात असतो. हे अमावास्येलाही खरे आणि पौर्णिमेलाही खरे (ग्रहणाचे तास वगळून). बदलते ती आपली पाहण्याची जागा. चंद्र पृथ्वीभोवती फिरत असल्याने त्याच्या उजळ अर्ध्या भागापैकी किती भाग आपल्याकडे वळलेला आहे हे रोज बदलते, आणि त्यालाच आपण कला म्हणतो.

शब्दांनी हे जेवढे समजते त्याहून अधिक एका प्रयोगाने समजते. रात्री खोलीत एकच दिवा ठेवावा, तो सूर्य. एका काडीला पांढरा चेंडू टोचून तो हात लांब करून डोक्यापेक्षा थोडा उंच धरावा, तो चंद्र. आपले डोके ही पृथ्वी. दिव्याकडे तोंड करून उभे राहिले, की चेंडूची काळोखी बाजू आपल्याकडे येते, ही अमावास्या. आता आपल्या डाव्या हाताकडे सावकाश वळावे. चेंडूच्या उजव्या कडेला आधी बारीक कोर दिसते. पाव फेरी झाली की उजवा अर्धा भाग उजळलेला दिसतो. ही शुद्ध अष्टमी. दिव्याकडे पूर्ण पाठ झाली की सगळा चेंडू उजळलेला, ही पौर्णिमा. तसेच पुढे वळत राहिल्यास उजेड उजवीकडून ओसरू लागतो, वद्य अष्टमीला डावा अर्धा भाग उरतो, आणि पुन्हा अमावास्या. संपूर्ण फेरीत डोक्याची सावली चेंडूवर एकदाही पडलेली नसते. लहान मुलांना हा प्रयोग एकदा करू दिला, की पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. मोठ्यांना मात्र दोनदा करावा लागतो, असा आमचा अनुभव आहे.

हा प्रयोग ज्याच्या ध्यानात राहिला त्याला चंद्राकडे पाहून वेळही सांगता येईल. अमावास्येचा चंद्र सूर्याबरोबर उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. शुद्ध पक्षातील कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसते, आणि तिची फुगीर बाजू सूर्य जिकडे मावळला तिकडेच असते. शुद्ध अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताच्या वेळी माथ्याजवळ असतो व मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, आणि वद्य अष्टमीचा मध्यरात्री. दर दिवशी चंद्रोदय सरासरी ५० मिनिटे उशिरा होतो. कोकणातील कोळी बांधव हे पंचांगाशिवाय जाणतात. सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येणाऱ्या पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे त्यांना होडी हाकताना शिकावेच लागते.

चंद्राची एकच बाजू आपल्याला सदैव दिसते, कारण स्वतःभोवती एक फेरी घेण्यास आणि पृथ्वीभोवती एक फेरी घेण्यास त्याला सारखाच वेळ लागतो. म्हणूनच त्याच्यावरील काळे डाग दर पौर्णिमेला तेच असतात. ससजातकाने त्या डागांत दानशूर सशाची आकृती पाहिली. भूशास्त्राने ती थिजलेल्या लाव्हाची मैदाने असल्याचे दाखवून दिले. आम्हांला दोन्ही प्रिय आहेत, फक्त एकाच्या जागी दुसरे वापरू नये. चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे १४ दिवसांएवढा आणि रात्रही तेवढीच. २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताच्या चांद्रयान-३ चे विक्रम अवतरक चंद्राच्या दक्षिण भागात उतरले, ती वेळ तेथे सूर्योदय झाल्यानंतरची निवडली होती. सप्टेंबरच्या आरंभी तेथे रात्र होऊ लागताच त्याचे काम थांबले.

आता पक्षगणनेकडे वळू. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पाहिले तर चंद्र पृथ्वीभोवतीची एक फेरी २७.३२ दिवसांत पुरी करतो. परंतु एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. हे दोन दिवस कोठून आले? चंद्र फेरी घालीत असताना पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकलेली असते. २७ दिवसांत ती सुमारे २७ अंश पुढे जाते, म्हणून सूर्याच्या बरोबर समोर येण्यासाठी चंद्राला आणखी दोन दिवसांहून थोडे अधिक चालावे लागते. आकाशात चंद्र रोज सुमारे १३ अंश सरकतो आणि सूर्य सुमारे १ अंश. दोहोंतील अंतर रोज १२ अंशांनी वाढते. या १२ अंशांनाच तिथी म्हणतात. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश भागिले १२ म्हणजे ३० तिथी. तिथीचा अर्थ एवढाच आहे. ती एका कोनाचे माप आहे. तिच्यात शुभ नाही, अशुभही नाही. चंद्राची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नसल्याने त्याचा वेग कमी-जास्त होतो आणि एक तिथी सुमारे १९ तासांपासून २६ तासांपर्यंत कितीही लांबू शकते. तिथीचा क्षय किंवा वृद्धी म्हणतात ती यामुळेच होते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची, असा हिशेब असतो. एखादी लहान तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच संपली तर ती पंचांगात गळते.

महिना २९.५३ दिवसांचा आणि दिवस तर अर्धा करता येत नाही, ही अडचण भिक्खुसंघासमोरही होती. मगधराज बिंबिसाराच्या सूचनेवरून चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या आणि अष्टमी या दिवशी एकत्र जमण्याची अनुज्ञा तथागतांनी दिली, हे महावग्गात आहेच. उपोसथ चतुर्दशीचा आणि पंचदशीचा असा दोन प्रकारचा तेथे सांगितला आहे. थेरवाद परंपरेने याची व्यवस्था अशी लावली, की चार महिन्यांच्या एका ऋतूत आठ पक्ष. त्यांपैकी तिसरा आणि सातवा पक्ष १४ दिवसांचा, उरलेले सहा १५ दिवसांचे. बेरीज ११८ दिवस. आणि २९.५३ ला चाराने गुणले तर ११८.१२ येतात! चार महिन्यांत चूक होते ती सुमारे तीन तासांची. दुर्बीण नाही, घड्याळ नाही, आणि हिशेब असा चोख. उपोसथाच्या याच दिवसांचा मान सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात ठेवला. अभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरलेल्या त्या आज्ञेत चातुर्मासाच्या तीन पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस नेमके सांगून त्या दिवशी मासे मारू नयेत व विकू नयेत असे म्हटले आहे. पक्षगणना विहाराच्या भिंतीबाहेर पडून राज्याच्या कारभारात आली होती, याचा हा पुरावा होय.

महिन्याची अडचण सुटली तरी वर्षाची राहते. बारा चांद्र महिन्यांचे दिवस ३५४. पृथ्वीची सूर्याभोवतीची एक फेरी ३६५ दिवसांहून थोडी अधिक. म्हणजे चांद्र वर्ष दरवर्षी जवळजवळ ११ दिवसांनी मागे पडते. तसेच पडू दिले तर आषाढ पौर्णिमा कधी थंडीत येईल आणि वर्षावासाला पाऊसच नसेल. म्हणून १९ वर्षांत ७ महिने अधिक धरतात. महावग्गात वर्षावास एक पौर्णिमा पुढे नेण्याची बिंबिसाराची विनंती आणि अशा बाबतीत राजांचे अनुसरण करण्याची तथागतांची अनुज्ञा नोंदली आहे. अभ्यासक तिचा संबंध अधिक महिन्याशीच जोडतात. आपल्याकडे या महिन्याला मलमास म्हणून मंगल कार्ये वर्ज्य करतात आणि धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण देतात. वास्तविक तो जमाखर्चाच्या वहीतील दुरुस्ती आहे. दुरुस्तीचा महिना कोणता धरावा याबाबत देशोदेशी एकमत नाही, म्हणून २०२३ साली भारतात व श्रीलंकेत वैशाख पौर्णिमा ५ मे रोजी साजरी झाली, तर थायलंडमध्ये ३ जून रोजी.

आपल्या वाचकांना अधिक जवळचा प्रश्न आहे तो धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेसाठी अशोक विजयादशमीचा दिवस निवडला. तो चंद्राच्या गणनेचा दिवस, आश्विन शुद्ध दशमी. इतिहासात नोंद झाली १४ ऑक्टोबर १९५६ अशी. ती सूर्याच्या गणनेची. त्या दिवशी नागपुरात दोन्ही एकत्र आल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्या वेगळ्या झाल्या, आणि तेव्हापासून कोणता दिवस खरा हा वाद अधूनमधून ऐकू येतो. अशोक विजयादशमी २०२२ मध्ये ५ ऑक्टोबरला आली. २०२३ मध्ये ती ११ दिवस आधी, सप्टेंबरातच यावयाची, पण त्या वर्षी श्रावण अधिक असल्याने ३० दिवस पुढे ढकलली जाऊन २४ ऑक्टोबरला आली. २०२४ मध्ये १२ ऑक्टोबर, २०२५ मध्ये २ ऑक्टोबर. हा लंबक असाच मागे-पुढे होत राहतो. १९ सौर वर्षे आणि २३५ चांद्र महिने यांत केवळ दोन तासांच्या आसपास फरक असल्याने, दर १९ वर्षांनी तो १४ ऑक्टोबरच्या अगदी जवळ परततो. एकाच दिवसाला लावलेली ही दोन मापे आहेत, आणि त्यांपैकी एक अधिक पवित्र आहे असे म्हणण्यास आम्हांला आधार दिसत नाही. खगोलगणिताने मात्र एवढे निश्चित सांगता येते, की त्या संध्याकाळी सूर्य मावळला तेव्हा सुमारे पाऊण भाग उजळलेला चंद्र दीक्षाभूमीच्या आकाशात बराच वर आलेला होता.

राहिला ग्रहणाचा विषय. दर पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या पलीकडे, सूर्याच्या समोर येतो, तर दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही? यासाठी विहाराच्या अंगणात एक मांडणी करावी. १,००० किलोमीटर म्हणजे १ सेंटिमीटर असे प्रमाण धरले तर पृथ्वी सुमारे १३ सेंटिमीटरची, एका नारळाएवढी होते. चंद्र साडेतीन सेंटिमीटरचा, म्हणजे लहान लिंबू. नारळापासून लिंबू ठेवावयाचे जवळजवळ ४ मीटर दूर. सूर्य मात्र अंगणात मावत नाही. तो १४ मीटर व्यासाचा, चार मजली इमारतीएवढा, आणि दीड किलोमीटर लांब. या मांडणीत लिंबाच्या अंतरावर नारळाची गडद सावली जेमतेम ९ सेंटिमीटर रुंद असते. आणि चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे लिंबू त्या सावलीच्या पातळीपासून ३४ सेंटिमीटरपर्यंत वर किंवा खाली असू शकते. बहुतेक पौर्णिमांना ते सावली चुकवूनच जाते. दोन्ही पातळ्या जेथे छेदतात त्या बिंदूंजवळ पौर्णिमा घडली तरच चंद्र सावलीत शिरतो. त्याच बिंदूंजवळ अमावास्या घडली तर चंद्राची सावली पृथ्वीवर पडून सूर्यग्रहण होते. या दोन छेदनबिंदूंनाच ज्योतिषात राहू आणि केतू म्हणतात. ते बिंदू आहेत. त्यांना तोंड नाही, दात नाहीत.

हे ज्ञान या देशाला नवे नाही. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने आर्यभटीयात स्पष्ट लिहिले, की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. परंतु सव्वाशे वर्षांनी, इ. स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने राहू नाकारणाऱ्यांना दोष दिला. तो स्वतः सावलीच्या मापानेच ग्रहणाचे गणित करीत होता. इ. स. १०३० च्या सुमारास अल्बेरुनीने या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. गणित एक सांगत होते आणि स्मृती-संहितांचा धाक दुसरेच बोलावयास लावीत होता. ज्ञान नव्हते म्हणून अंधश्रद्धा टिकली असे आपण सहज म्हणतो. येथे ज्ञान असूनही ती टिकविली गेली.

येथे आपल्याच पिटकातील चन्दिमसुत्ताचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. संयुत्तनिकायात राहूने पकडलेला चंद्र देवपुत्र तथागतांना शरण जातो आणि राहू त्याला सोडतो, अशी कथा आहे, सूर्याचीही तशीच. जे बुद्धिवादाला आणि तर्काला धरून असेल तेच बुद्धवचन म्हणून घ्यावे, ही कसोटी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिली आहे. त्या कसोटीवर या सुत्तातून शरणागताचे भय जाते एवढा आशय घ्यावा. ग्रहणाचे कारण म्हणून ते वाचू नये.

आपल्या समाजाचा या राहूशी आणखी एक संबंध आहे आणि तो सुखाचा नाही. ग्रहण लागले की 'दे दान सुटे गिराण' अशी आरोळी देत गावातून दान मागत फिरण्याचे काम महाराष्ट्रात अस्पृश्य ठरविलेल्या जातींकडे, विशेषतः मांग-महारांकडे होते. चंद्राला ग्रासणारा राहू आणि गावकुसाबाहेरचा माणूस यांना एकाच पंक्तीत बसवून, त्याला जुने कपडे व धान्य दिले की चंद्र सुटतो अशी ती समजूत. पेशवाईत ज्यांची सावली अंगावर पडली तर विटाळ मानीत, असे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त सांगितले आहे, त्याच माणसांना आकाशातील सावली दूर करण्यासाठी हाका मारीत. आमच्या पिढीतील अनेकांच्या आज्या-पणज्यांनी ही आरोळी प्रत्यक्ष दिलेली किंवा ऐकलेली आहे. ती थांबली, पण भीती घराच्या आत राहिली. ७ सप्टेंबर २०२५ रोजी, भाद्रपद पौर्णिमेला, भारतातून दिसलेले खग्रास चंद्रग्रहण झाले; रात्री ११ च्या सुमारास चंद्र पूर्णपणे सावलीत गेला आणि सुमारे ८२ मिनिटे तसाच तांबूस राहिला. त्या दिवशी, जेथे रोज सायंकाळी त्रिसरण-पंचशील म्हटले जाते अशा एका घरात, सात महिन्यांच्या गर्भवती सुनेला दुपारपासून अन्नाचा कण दिला गेला नाही आणि विळीला हात लावू दिला नाही. भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो, असे सासूबाईंचे म्हणणे. त्या मायाळू आहेत, सुनेवर त्यांचा जीव आहे. भीतीपोटीच त्यांनी हे केले. आम्ही नंतर नारळ आणि लिंबू घेऊनच त्यांच्याकडे गेलो. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले, मग तो लाल कशाने होतो?

प्रश्न उत्तम होता. पृथ्वीच्या भोवतालच्या हवेतून जाताना सूर्याचा थोडा प्रकाश वाकून सावलीत शिरतो. त्यातील निळा भाग हवेत विखुरतो, तांबडा तेवढा पुढे पोहोचतो. सूर्य मावळताना दिसतो तोच हा तांबडा रंग. ग्रहणाच्या वेळी पृथ्वीवर जेथे जेथे सूर्य उगवत वा मावळत असतो, तेथला सगळा संधिप्रकाश एकत्र होऊन चंद्रावर पडतो. चंद्रग्रहणात आपल्याकडे येणारा प्रकाश नेहमीपेक्षा कमी असतो, एवढाच फरक. त्याने डोळ्यांना, अन्नाला किंवा गर्भाला काहीही होत नाही. गर्भवतीला उपाशी ठेवल्याने मात्र होऊ शकते. सूर्यग्रहणाची गोष्ट निराळी. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी केव्हाच पाहू नये, ग्रहणातही नाही, आणि त्यासाठी खास बनविलेला चष्मा वापरावा.

२०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी वैशाख पौर्णिमेलाच चंद्रग्रहण आले होते, आणि २०२४ ला आले नाही. कक्षेचा छेदनबिंदू तोवर पौर्णिमेच्या स्थानापासून दूर सरकला होता. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसेल. रात्री पावणेनऊच्या आत चंद्राची कड सावलीत शिरू लागेल आणि दहाच्या सुमारास तो पूर्ण सावलीत असेल. थंडीचे दिवस असल्याने आकाश बहुधा निरभ्र राहील. सावलीची कड गोल आहे की सरळ, हे त्या वेळी मुलांना स्वतः पाहू द्यावे, आणि गच्चीवर सर्वांसाठी चहा व काहीतरी गरम खावयाचे ठेवावे.